आपल्याच लेकीचा धर्मबाप

रोक्कासाल्वाच्या मोठ्या चर्चची घंटा वाजवायचं काम ज्युंताकडे बापाकडून आलं होतं. त्याचं पूर्ण नाव बोनाज्युंता, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती. अंगानं आडवा, बोलायला भिडस्त, आणि एका कानानं जवळजवळ बहिरा. घंटा वाजवणारे सगळे शेवटी तसेच होतात. गावातला जन्म, मरण, आग, वादळ, बाजार भरणं, दरवाजे लागणं, सगळं आधी ज्युंताच्या दंडात यायचं आणि मग लोकांच्या कानात. अशा माणसाला वाटणारच की आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही. त्यालाही तसं वाटायचं, फक्त तो कधी बोलून दाखवत नसे.

मग गावाचं आणि पोपचं बिनसलं. पोपशी वैर धरून असलेल्या सम्राटाचा सरदार घोडेस्वार घेऊन तटाखाली येऊन उभा राहिला, तेव्हा आमच्या पंचांनी विचार केला की पोपचा शाप पोचायला आठवडा लागेल, या सरदाराच्या मशाली मात्र आत्ता पोचतील. त्यांनी दरवाजे उघडले. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, पण हे पोपला कोण सांगणार? पोप तेव्हा डोंगरापलीकडच्या गावात मुक्कामाला होता, कारण रोमचे लोक त्याला रोममध्ये टिकू देत नव्हते. स्वतःच्या घरात ज्याचं कुणी ऐकत नाही तो बाहेर जास्त ओरडतो, तसं झालं. आमचा बिशप चांदीची भांडी गाढवांवर लादून पोपकडे निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग बंदीचा हुकूम गावात येऊन थडकला.

बंदी काय असते ते भोगल्याशिवाय कळत नाही. चर्चची दारं बंद. प्रार्थना नाही, लग्न नाही, घंटा नाही. मेलेल्या माणसाला चर्चच्या आवारात जागा नाही. त्याला मळ्याच्या कडेला नाहीतर ओढ्याकाठी खड्डा करून पुरायचं. दोनच गोष्टी तेवढ्या मोकळ्या ठेवल्या होत्या. जन्मलेल्या लेकराचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याची पापकबुली.

ज्युंतानं स्वतःच्या हातानं घंटांचे लोलक चिंध्यांनी बांधले. मनोऱ्यावरून खाली उतरला तेव्हा या हातांचं आता करायचं काय, हेच त्याला सुचेना. शेवटी तो अंबाडीचे दोर वळून बाजारात विकायला बसू लागला. तिथंही त्याची सुटका नव्हती.

“काय ज्युंता, जेवायची वेळ झाली का रे?” समोरचा खाटीक रोज विचारायचा.

“तुझ्या पोटाला विचार.”

“ते सकाळपासून वाजतंय! त्याच्यावर बंदी घालायला पोप विसरला बघ.”

लोक हसायचे, ज्युंताही हसायचा. पण घरी इमिलियाला म्हणायचा, “एवढं शांत गाव बरं नाही. काहीतरी वाईट होणार.” इमिलिया तेव्हा पोटुशी होती. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. ती म्हणायची, “माझ्यासमोर असलं अभद्र बोलू नकोस.”

सम्राटाच्या लोकांनी रिकाम्या चर्चसाठी आपला एक पाद्री आणला होता. त्याचं नाव ओदेरिको. गोरा, गुबगुबीत, सतत काहीतरी चघळणारा माणूस. तो घंटेच्या मनोऱ्यामागच्या घरात राहायचा. पळालेल्या बिशपनं तिकडून निरोप धाडला होता की या ओदेरिकोच्या पायरीला जो शिवेल तोही बाटला. पण लेकराला बाप्तिस्म्याचं पाणी घालायची वेळ आली की लोक त्याच्याकडेच जात, तेवढं मागच्या दारानं.

इमिलियाच्या कळा दिवस भरायच्या आतच सुरू झाल्या. त्या दिवशी खोऱ्यात पोपचे स्वार दिसले म्हणून दरवाजे भर दुपारी लावून टाकले होते, आणि सुईण बोना तटाबाहेर राहायची. शेजारीण तिला आत घ्यावं म्हणून पहारेकऱ्यांच्या पाया पडायला गेली, आणि घरात ज्युंता एकटा उरला. मूल त्याच्याच हातात आलं. मुलगी होती. अंग निळं पडलेलं, आणि रडण्याचं नाव नाही.

“पाद्री बोलाव,” इमिलिया म्हणाली. “असंच जाऊ देऊ नकोस तिला.”

ज्युंता धावला. बिशपचा निरोप, बाटणं, काही त्याच्या डोक्यात नव्हतं. ओदेरिकोच्या दारावर त्यानं दोन्ही मुठींनी धडका दिल्या. दार बाहेरून लावलेलं होतं. सरदाराच्या वाड्यावर मेजवानी होती आणि भाजलेल्या डुकराचा वास गल्लीपर्यंत येत होता. ज्युंता तसाच मागे फिरला. मुलगी अजून निळीच होती. त्यानं माठातलं पाणी घेतलं, तिच्या डोक्यावर ओतलं, आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तिला बाप्तिस्मा दिला. हे शब्द आमच्याकडे गुराख्यालाही पाठ असतात. थंडीचे दिवस होते, पाणी बर्फासारखं गार होतं. पोरीनं एकदम श्वास ओढला आणि असा टाहो फोडला की ज्युंताला आपल्या बहिऱ्या कानानंही तो ऐकू आला. तिचं नाव ठेवलं बेनवेनुता. ये बाई, बरं झालं आलीस, एवढाच त्या नावाचा अर्थ.

बोना पोचली तेव्हा पोर आईच्या अंगाला लुचत होती. म्हातारीनं सगळं तपासलं, समाधानानं मान हलवली आणि विचारलं, “पाणी कुणी घातलं?”

“मी,” ज्युंता म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलून आला होता.

बोनाचा हात जागीच थांबला. “तू? अरे येड्या, बाप ना तू तिचा?”

“मग काय करू? मरत होती ती!”

“लेकराला पाण्यातून उचलतो तो त्याचा धर्मबाप. आणि धर्मबाप हा आईचा कोण लागतो? धर्मभाऊ. आता ही तुझी बायको नाही राहिली, ज्युंता. धर्माची बहीण झाली तुझी.” ती उठून दार लावून आली. “माझ्या आजोळच्या गावात एका कुंभारानं असंच केलं होतं. त्यांना वेगळं केलं. बाई नन्सच्या मठात गेली. हे बघा, कुणी विचारलं तर सांगायचं, बोनानं पाणी घातलं. मीही तेच सांगेन.”

आमच्या भागात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. म्हणूनच बारशाला बापाला चर्चच्या शेवटच्या खांबाशी उभं करतात, चुकून त्याचा हात लेकराला लागायला नको म्हणून. ज्युंताला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण त्या वेळी ते आठवलं नाही, आणि आता विसरता येईना.

तरी त्यानं एकदा धीर करून ओदेरिकोला विचारलं, आपल्या एका मित्राचं म्हणून. ओदेरिको अंगणात अक्रोड फोडत बसला होता. “बापानंच पाणी घातलं? मग बहीण-भाऊ झाले ते,” तो अक्रोडातून मान वर न काढता म्हणाला. “वेगळं करतात अशांना. कुठल्या गावचा तुझा मित्र?”

“लांबच्या,” ज्युंता म्हणाला आणि घरी आला.

त्या दिवसापासून तो माळ्यावर अंबाडीच्या ढिगात निजू लागला. इमिलिया लेकीला घेऊन खाली. रांधून झालं की ती वाडगा मेजावर ठेवून मागे सरायची, मग हा उचलायचा. एकमेकांच्या हातातून काही घ्यायचं त्यांनी सोडून दिलं. हे सगळं बाहेर कुणाला दिसू नये म्हणून रविवारी दोघं शेजारी-शेजारी चालत बंद चर्चच्या पायऱ्यांवर येऊन बसायची, इतर नवरा-बायको बसायचे तशी. कुणी नुसतं “काय म्हणते रे बायको?” असं सहज विचारलं तरी ज्युंताच्या तोंडचं पाणी पळायचं. एवढ्या सगळ्यात पोर मात्र मजेत वाढत होती. रांगायला लागली तशी बापानं वळलेल्या दोरांची टोकं तोंडात घालायची, आणि बाप ओरडला की खदाखदा हसायची. दोघांनाही हात लावायला मिळेल अशी त्या घरात तेवढी एकच जागा होती, त्यामुळे तिला जमिनीवर ठेवायला कुणी तयार नसायचं.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत गावात ताप आला आणि बेनवेनुता त्यात गेली. बंदी तशीच होती. ज्युंतानं मळ्याच्या बांधाखाली खड्डा केला. शेजारच्या मळ्यातला कुत्रा तिथं उकरेल म्हणून त्यानं वर दगड रचले. घंटा नाही, पाद्री नाही, मेणबत्ती नाही. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या मेलेल्यांसाठी घंटा वाजवली, त्याला स्वतःच्या लेकीसाठी एक टोला देता आला नाही. इमिलिया त्यानंतर रोज त्या बांधावर जाऊन बसायची. पाऊस असला तरी जायची.

वसंतात वारं फिरलं. सम्राटाचा सरदार एका सकाळी उठून निघून गेला. आमचे पंच गळ्यात दोर अडकवून, अनवाणी पायांनी पोपपुढे गुडघे टेकून आले. ते दोर ज्युंतानंच वळलेले होते. पोपनं माफ केलं, बंदी उठवली. बिशप परतला, गाढवं परतली, चांदी तेवढी थोडी कमी दिसत होती. आणि ओदेरिको? तो एका आठवड्यात पोपचा सगळ्यात जुना भक्त निघाला. म्हणे तो इथं राहिला होता तो केवळ या दीनदुबळ्या गावाच्या आत्म्यांपायी. त्याला आता बिशपच्या न्यायाधीशाशेजारी खुर्ची मिळाली होती.

या न्यायाधीशाकडेच मुख्य काम होतं. बंदीच्या काळात शेतात पुरलेल्यांना उकरून, मंत्र म्हणून, घंटा वाजवून चर्चच्या आवारात आणायचं होतं. पण त्याआधी घरच्यांनी शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवून सांगायचं, की मेला तो बाप्तिस्मा झालेला होता, आणि बाप्तिस्मा कुणी दिला. बाप्तिस्मा नसलेल्याला आवारात जागा नाही आणि स्वर्गातही नाही.

ज्युंता आधी बोनाकडे गेला. ती उन्हात वाटाणे सोलत बसली होती.

“बोनाआई, तू म्हणाली होतीस ना, मीच पाणी घातलं म्हणून सांगेन?”

“शेजारणींना सांगेन म्हणाले होते रे बाबा. पोथीवर हात ठेवून नाही.” तिनं शेंगा बाजूला सारल्या. “माझा एक पाय थडग्यात आहे. खोटी शपथ घेऊन मी कुठं जाऊ? दुसरं काही माग, देते.”

दुसरं काही मागण्यासारखं नव्हतं. तो घरी आला. इमिलिया चुलीपुढे बसली होती. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

“नाही म्हणाली?”

“नाही म्हणाली.” तो उंबऱ्यावरच बसला. “मी खरं सांगितलं तर ते आपल्याला वेगळं करतील. तुला भावाकडे जावं लागेल, नाहीतर मठात.”

“आणि पाणी घातलंच नव्हतं असं सांगितलंस तर?”

“तर आपण नवरा-बायको. आणि ती तिथंच. कायमची.”

इमिलियानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “परवा बांधावर कुत्रा आला होता. मी दगड मारला. मी नसते तेव्हा कोण मारतं?”

“इमिलिया, एका छपराखाली तरी आहोत आपण. तू वाडगा ठेवतेस, तुझा आवाज ऐकू येतो. तेही जाईल.”

“मला माहितीय काय जाईल ते,” ती म्हणाली. “तू काय सांगायचं ते मी नाही सांगणार. पण जे सांगशील त्याच्यासोबत जगायचं मलाही आहे, एवढं लक्षात ठेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपले दोन झगे एका फडक्यात बांधले आणि त्याच्या मागून चर्चपर्यंत चालत आली. त्यानं एकदा गाठोड्याकडे पाहिलं आणि तो पुढे चालत राहिला.

चर्चच्या दारापुढे रांग लागली होती. ज्युंताची मोठी पंचाईत अशी की तोच घंटा वाजवणारा. एकेका घराचं नाव पुकारलं जायचं, शपथ व्हायची, आणि न्यायाधीशानं मान हलवली की याला मनोऱ्यावर चढून टोले द्यावे लागायचे. खाटकाच्या आईसाठी दिले. तेलवाल्याच्या दोन मुलांसाठी दिले. प्रत्येक वेळी खाली उतरला की रांग थोडी कमी झालेली असायची. काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं. दोर ओढताना तो मनाशी म्हणायचा, ‘नाही घातलं,’ आणि दोर सोडताना, ‘मीच घातलं.’

“बोनाज्युंता, घंटावाला!”

न्यायाधीश म्हातारा होता. सर्दीनं बेजार, पाय शेगडीवर टेकवलेले. त्याच्या शेजारी ओदेरिको हात पोटावर ठेवून बसला होता.

“कुणासाठी?”

“मुलगी, महाराज. बेनवेनुता.”

“बाप्तिस्मा झाला होता?”

ज्युंतानं पोथीवर हात ठेवला. मागे रांगेत इमिलिया उभी होती, तिच्याकडे वळून पाहायचं धाडस त्याला झालं नाही. त्याला बांधावरचा तो कुत्रा दिसला.

“झाला होता.”

“कुणी दिला?”

“मी. तिच्या बापानं.”

मागे कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. मग सगळी रांग कुजबुजू लागली. न्यायाधीशानं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“बापानं? का? गावात पाद्री नव्हता?”

पाद्री समोरच बसलेला. ओदेरिकोचे हात पोटावरून खाली आले होते.

“होता, महाराज. मी त्याच्या दाराशी गेलो होतो. पोर निळी पडली होती. दार लावलेलं होतं.”

“कुठं होतास तू?” न्यायाधीशानं ओदेरिकोला विचारलं.

“मी... एका आजाऱ्याकडे गेलो असेन, महाराज.”

“भाजलेल्या डुकराकडे!” रांगेतून खाटीक ओरडला. “फारच आजारी होतं ते. मीच कापलं होतं!”

सगळे हसले. न्यायाधीशाला हसू आलं की खोकला, कळलं नाही. ज्युंताला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. आता पुढचा प्रश्न बायकोचा, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. त्यानं स्वतःच बोलून टाकलं. “महाराज, आम्ही तेव्हापासून वेगळे राहतोय. मी तिला हातसुद्धा लावलेला नाही, शपथेवर सांगतो. तिला मठात नका पाठवू, तिला तिथं करमणार नाही. तिचा भाऊ आहे, तो घेऊन जाईल.”

न्यायाधीश त्याच्याकडे बघतच राहिला. “कोण कुणाला घेऊन जाईल?”

“माझी... ती धर्मबहीण झाली ना माझी.”

“अरे माणसा,” म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “लेकरू मरायला टेकलंय आणि दुसरं कुणी नाही, अशा वेळी बापानं पाणी घातलं तर बाप बापच राहतो, आणि बायको बायकोच. हे जुन्या काळच्या पोपांनीच ठरवून ठेवलंय. माझ्या आजोबाच्या जन्माच्याही आधी. काही तुटत नाही त्यानं. तू जे केलंस तेच करायला हवं होतं. तुला हे भलतंच कुणी सांगितलं?”

ज्युंतानं ओदेरिकोकडे पाहिलं. ओदेरिको आपल्या नखांकडे पाहत होता.

“सगळेच म्हणतात, महाराज,” ज्युंता म्हणाला.

“सगळेच म्हणतात!” न्यायाधीशानं चिडून नाक शिंकरलं. “पोरीला आणा. आवारात, भिंतीच्या आतल्या बाजूला जागा द्या. घरी जा तू, बायकोला घेऊन. पुढचा कोण?”

एवढ्यात आटोपलं. ज्या गोष्टीनं त्याचा एवढा काळ जीव खाल्ला, ती दोन शिंकांच्या मधे निकालात निघाली. ज्युंता पायऱ्या उतरला. इमिलिया रांग सोडून विहिरीपाशी येऊन उभी राहिली होती, गाठोडं छातीशी धरून. त्याचं ‘मी’ ऐकताच ती तिथून निघाली होती, पुढचं काहीच तिला ऐकू आलं नव्हतं.

“बेनवेनुताला आत जागा दिली,” तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले. मग उघडले. “आणि मला कधी निघायचंय?”

“नाही निघायचं. तो म्हणतो, काही झालंच नव्हतं. पोर मरत असताना बापानं पाणी घातलं तर काही तुटत नाही. पहिल्यापासूनच काही तुटलं नव्हतं, इमिलिया. आपण नवरा-बायकोच होतो.”

त्याला वाटलं ती हसेल. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. गाठोडं तिच्या हातातून खाली पडलं.

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“ती गेली त्या दिवशीही?”

ज्युंतानं मान खाली घातली.

“त्या दिवशी मी तुझा सदरा धरला होता,” इमिलिया म्हणाली. “माझ्यानं उभं राहवत नव्हतं म्हणून धरला होता. आणि तू माझी बोटं एकेक करून सोडवलीस. म्हणालास, पाप लागेल. ते उगाच?”

“उगाच,” तो म्हणाला.

तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी मारत सुटली, भर चौकात, सगळ्या रांगेदेखत, आणि तोंडानं नुसतं “उगाच, उगाच” म्हणत राहिली. कुणी हसलं नाही. खाटकानंही मान फिरवली. तिकडून न्यायाधीशाचा माणूस ओरडत होता की घंटावाला कुठं गेला, पुढच्या घराची शपथ झाली. ज्युंतानं दोन्ही हात पुढे केले आणि तिला धरलं. ती मारायची थांबली नाही, आणि त्यानंही सोडलं नाही.